शंभर व्होल्टची कॉफी

“दिवाळीला येताना काय आणू?” असं मुलगा दर वर्षी नागोयाहून विचारतो आणि “तू ये, तेवढं बास” असं त्याची आई दर वर्षी सांगते. यंदा ती म्हणाली, “विजेवरचा सायफन आण.” फोनवर क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. इकडे सांगलीत मात्र आमच्या सोफ्यावर माझा धाकटा भाऊ बसलेला होता.

“सायफन म्हणजे? टाकीत नळी घालून पाणी ओढतात तो?”

“कॉफीचा, भाऊजी.”

“कॉफीला सायफन कशाला? पातेलं आहे की.”

भावाचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. आमच्याकडे उसाला पाणी लागतं, पाण्याला पाणबुडी मोटार लागते, मोटार कधी ना कधी जळते आणि जळली की ती भावाकडे येते. चाळीस वर्षं जळकी कॉइल उपसणारा माणूस नव्या वस्तूकडे बघतो, तेव्हा ती जळल्यावर कशी दिसेल हेच त्याला आधी दिसतं. बायको ज्युनियर कॉलेजात पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाली. मी बँकेत होतो. दुधात उकळलेली, वर जायफळ किसलेली कॉफी संध्याकाळी पाच वाजता पितो, एवढीच माझी या विषयातली पात्रता. वाद दोन संध्याकाळ चालला, मधे एक एकादशी गेली. मी तो इथे सलग मांडतोय.

“समजावून सांगते,” बायको म्हणाली आणि तिनं पेपरच्या कोपऱ्यावर एकावर एक दोन फुगे काढले. फळ्याची सवय. “खालच्या काचेच्या भांड्यात पाणी, वरच्यात कॉफीची पूड. वरच्याच्या बुडाला नळी, ती खालच्याच्या तळाजवळ पोचते. सांध्यात रबराची किंवा सिलिकॉनची रिंग, म्हणजे हवा निसटत नाही. खाली उष्णता दिली की आतली हवा फुगते, वाफ होते, दाब वाढतो. त्याला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून तो पाण्याला नळीतनं वर ढकलतो.”

“कुकरच झाला की मग. काचेचा कुकर! फुटला म्हणजे?”

“कुकरची शिट्टी होते तेव्हा आत वातावरणाच्या दाबावर आणखी जवळजवळ तेवढाच दाब असतो. इथे पाणी उचलायचं ते वीतभर. वीस सेंटिमीटर म्हणू. त्याला वातावरणाच्या दाबाचे दोन टक्के पुरतात.”

“दोनच टक्के?”

“दोनच. आणि वर गेलेलं पाणी रटरट उकळत नसतं, नव्वदच्या थोडं वर असतं. कॉफीला तेच हवं. एखादा मिनिट पूड त्यात भिजते. मग उष्णता बंद. खालच्या भांड्यातली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं. एक मिलिलिटर पाण्याची वाफ सोळाशे मिलिलिटरहून जास्त जागा अडवते, ती सगळी जागा रिकामी होते. मग बाहेरची हवा वरच्या कॉफीला दाबते आणि कॉफी गाळणीतनं सर्रकन खाली. वर गाळ कोरडा राहतो, खाली काढा. म्हणून इंग्रजीत याला व्हॅक्यूमचं भांडं म्हणतात. पंप वगैरे काही नाही.”

याच तत्त्वावर न्यूकमेननं १७१२ साली इंग्लंडात खाणीतलं पाणी उपसणारं इंजिन चालवलं, असंही तिनं जोडलं. भाऊ म्हणाला, “म्हणजे पंपच.” यावर तिनं वाद घातला नाही. पंपाच्या बाबतीत त्याच्याशी घालूही नये.

हे खूळ आलं कुठून, ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी आम्ही मुलाकडे गेलो होतो. नागोयात सकाळी कॉफी मागवली की त्याच पैशात टोस्ट आणि उकडलेलं अंडं देण्याची पद्धत आहे. मला शहराबद्दल आदर वाटला तो इथे. अशाच एका जुन्या कॉफीघरात काउंटरवर चार-पाच सायफन ओळीनं मांडलेले होते. प्रत्येकाखाली हॅलोजनचा दिवा, त्यामुळे पाणी आतून शेंदरी दिसत होतं. काउंटरमागचे आजोबा बांबूच्या चपट्या पळीनं वरच्या भांड्यात दोनदा ढवळत आणि हात मागे घेऊन उभे राहत. बायकोची कॉफी येऊन निवली तरी ती काउंटरकडेच बघत होती. नंतर विजेच्या वस्तूंच्या दुकानात तिनं घरगुती सायफन पाहिला. दिवा नाही, स्पिरिट नाही. बुडाशी हीटर, एक बटण. तेव्हापासून ते तिच्या डोक्यात होतं.

“बरं,” भाऊ म्हणाला. “जपानात घरात वीज किती व्होल्टची?”

“शंभर.”

“आपली दोनशे तीस. संपला विषय.”

विषय अर्थातच संपला नाही. “ट्रान्सफॉर्मर असतो की,” ती म्हणाली.

“आधी ट्रान्सफॉर्मर न लावता काय होतं ते ऐका. कारण कधी ना कधी घरातला कुणीतरी,” इथे त्यानं माझ्याकडे पाहिलं, “तो न लावता पिन थेट भिंतीत घालणार. पाचशे वॉटचं मशीन धरू. व्होल्टेज झालं दोन पूर्णांक तीन पट. माणसाला वाटतं, उष्णताही तेवढीच पट. तसं नसतं वहिनी, वर्ग होतो.”

“पाच पूर्णांक एकोणतीस पट,” ती लगेच म्हणाली. गणिताला ती कुणाच्याही बाजूनं बोलते.

“दोन हजार सहाशे पंचेचाळीस वॉट. बाथरूममधल्या दोन हजारच्या गीझरपेक्षा जास्त, आणि ते दोन कप पाण्याखाली. आत फ्यूज असला तर तो जाईल. नसला तर वास येईल.”

“म्हणून ट्रान्सफॉर्मर.”

“शंभरच्या बाजूला पाच अँपिअर. साडेसातशे व्हीएचा तरी घ्यावा लागेल, म्हणजे चार-पाच किलोचा ठोकळा. ओट्यावर ठेवाल कुठे? आणि प्रवासात वापरायचे ते हलके कन्व्हर्टर मिळतात ते नकोत. त्यातले बरेचसे लाट मधेच कापतात. साधी कॉइल चालते त्यावर, पण मशीनमध्ये टायमरचं कार्ड असलं तर ते बसतं.”

फोनवरून मुलानं मधेच फ्रीक्वेन्सीचा मुद्दा काढला. जपानात तो एक गमतीचा घोळ आहे. तोक्योनं १८९०च्या दशकात जर्मन यंत्रं मागवली, ओसाकानं अमेरिकन, त्यामुळे पूर्वेकडे ५० हर्ट्झ आणि पश्चिमेकडे ६०. सव्वाशे वर्षं उलटली तरी देश तसाच दुभागलेला आहे. नागोया ६०च्या बाजूला. भावाला ही गोष्ट फार आवडली. त्यानं ती दोनदा सांगायला लावली आणि मग म्हणाला, “हीटरला काही फरक पडत नाही. मोटार असती तर बोललो असतो.”

“मग युरोपातलं मागवू,” बायको म्हणाली. “तिकडे दोनशे तीसच असतं.”

“मागवा. पिन बदलून देतो. पण फुटलं की काय करणार? माझा खरा मुद्दा व्होल्टेजचा नाहीच वहिनी. व्होल्टेजला इलाज आहे. खालचं भांडं फुटलं तर त्याला इलाज काय? गणपती पेठ पालथी घातली तरी त्या मापाची काच मिळणार नाही. रिंग कडक झाली, चिरली, की दाब धरणार नाही. वीस रुपयांची वस्तू नसेल म्हणून सगळं मशीन माळ्यावर. माझ्याकडे येणाऱ्या बाहेरच्या वस्तूंपैकी निम्म्या अशाच. बिघाड बोटभर, सुटा भाग समुद्रापलीकडे.”

“इथल्या मोटारी जळत नाहीत का?”

“जळतात की. पण त्या मी भरून देतो.”

इथे पहिल्या संध्याकाळी तो जिंकला असं मला वाटलं होतं. बायको उठून आत गेली. परत आली ती हातात एक फ्लास्क घेऊन. गोल बुडाचा, मानेवर बारीक ओरखडा असलेला. निवृत्तीच्या वेळी प्रयोगशाळेतल्या मदतनीसानं आठवण म्हणून दिलेला, बोरोसिलचा. त्यात हल्ली मनीप्लँट असतो. तो तिनं ओला तसाच टीपॉयवर ठेवला.

“काच फुटते कशी ते मला सांगू नका. पस्तीस वर्षांत मुलांनी फोडलेल्या काचेची मी यादी ठेवलीय. बाहेरून ओला फ्लास्क ज्योतीवर ठेवला की तडकतो. रिकामा तापत राहिला की तडकतो. गरम भांडं थंड ओट्यावर टेकवलं की तडकतो. चौथी रीत फारशी नाही.”

काचेचा प्रश्न या यंत्राच्या जन्मापासूनचा आहे, आणि तिच्या बोलण्यातला हा भाग मला सगळ्यात आवडला, म्हणून थोडं रेंगाळतो. असं भांडं बर्लिनमध्ये १८३०च्या दशकात बनलं होतं. त्याला देखणं रूप दिलं ते ल्यों शहरातल्या मादाम वासिए यांनी, १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला: एकावर एक काचेचे दोन गोळे, धातूच्या चौकटीत धरलेले, माथ्यावर मुकुटासारखी जाळी. पाहुण्यांसमोर मांडायचं यंत्र ते. पण त्या काळची काच उष्णता सोसायची नाही, त्यामुळे मेजावर कॉफीबरोबर धास्तीही मांडलेली असायची. उष्णतेनं फारशी न फुगणारी बोरोसिलिकेट काच जर्मनीत ओटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार केली. अमेरिकेत १९१५ साली पायरेक्स आलं आणि सायफन खऱ्या अर्थानं घरात आला. जपानात कोनो यांचा सायफन १९२५चा. हारिओ ही आज जगभर कॉफीवाल्यांच्या तोंडी असलेली कंपनी १९२१ साली तोक्योत सुरू झाली ती प्रयोगशाळेची काच बनवायला. नावाचा अर्थच काचेचा राजा. आपल्याकडचं बोरोसिल १९६२चं, मुंबईचं. म्हणजे कॉफीघरातले ते आजोबा आणि आमची मॅडम हे एकाच घराण्याचे, एवढंच तिला सांगायचं होतं.

“ठीक आहे, काच तुम्ही सांभाळाल,” भाऊ म्हणाला. “घासणार कोण?”

हा घाव बसला. सायफनच्या गाळणीला कापड असतं, फ्लॅनेलचं. ते साबणानं धुवायचं नाही, वास धरतं. वाळवायचंही नाही, कारण कापडात मुरलेलं कॉफीचं तेल हवेनं खवट होतं. नुसत्या पाण्यात खळबळून, पाण्यातच बुडवून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि पाणी रोज बदलायचं. आमच्याकडे भांडी घासायला मावशी येतात. फ्रिजमध्ये वाटीत तपकिरी फडकं दिसलं तर त्या काय करतील, याची कल्पना आम्हा तिघांनाही एकाच वेळी आली.

“त्यानं ओटा पुसतील,” मी म्हणालो. दोन दिवसांतलं माझं हे एकमेव वाक्य सर्वांना मान्य झालं.

“कागदाचीही गाळणी बसवता येते,” बायको जरा खालच्या आवाजात म्हणाली.

दुसऱ्या संध्याकाळी भाऊ तयारीनं आला. त्यानं कुठूनशी पितळी फिल्टर कॉफीची दोन डब्यांची जोडी आणली होती आणि चिकोरी मिसळलेली पूड. “हे बघा. वरच्या डब्याला भोकं, खाली डबा. पाणी ओतायचं, झाकण लावायचं, आंघोळ करून यायचं. काढा तयार. वीज नाही, काच नाही, रिंग नाही. पडलं तर पोचा येतो, तो मी काढून देतो. कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. मिरजेपुढची दोन-तीन स्टेशनं ओलांडली की कर्नाटक लागतं. तुम्ही जपानला कशाला जाता?”

“तो काढा दुधासाठीच असतो. दाट, चिकोरीनं काळा केलेला. मला कॉफीची चव हवी, बिनदुधाची.”

“बिनदुधाची!”

त्याचा चेहरा असा झाला की जणू तिनं बिनमिठाची आमटी म्हटलं असावं. आमच्या घरी कॉफी म्हणजे दूधच, कॉफीचा रंग आलेलं. आजीच्या वेळेपासून कॉफी पाहुणा आल्यावर किंवा कुणी आजारी असल्यावर व्हायची. तिच्यात जायफळ पडायचं, ते झोप यावी म्हणून. झोप उडवणाऱ्या पेयात झोप आणणारं जायफळ घालणं हे मराठी स्वयंपाकघराला कधीच विसंगत वाटलं नाही. मलाही वाटत नाही.

“देशात पिकणाऱ्या कॉफीतली सत्तर टक्क्यांच्या आसपास बाहेर जाते,” बायको म्हणाली. “चिकमगळूरच्या डोंगरातली चांगली कॉफी इटलीत प्यायली जाते आणि आपण चिकोरी पितो. आपल्या चिखलदऱ्यालासुद्धा पिकते थोडी. ती नुसती, बिनदुधाची, एकदा तरी नीट चाखावी की नाही?”

“चाखा ना. गाळण्यातनं गाळून चाखा. चव पूड भाजण्यात आणि दळण्यात असते, असं परवा तुम्हीच त्या पोराला फोनवर सांगत होतात.”

हे खरं होतं. ती गप्प झाली.

मग भावानं हातात आलेला मुद्दा पुढे रेटला. “अहो, आणि ऑटोमॅटिकच हवं असलं तर ते काचेचंच कशाला? धातूचं नसतं का?”

असतं. म्हणजे होतं. फोनवर मुलानं सांगितलं की अमेरिकेत सनबीम कंपनीचं कॉफीमास्टर नावाचं यंत्र १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे वीसेक वर्षं घराघरांत होतं. तांब्याचं, वर क्रोमियमचा मुलामा, आरशासारखं. खालचं पाणी वर चढून गेलं की आपोआप हीटर मंद व्हायचा, कॉफी खाली यायची आणि गरम राहायची. पडलं तरी फुटायचं नाही. जुन्या वस्तूंच्या बाजारात अजून चालू स्थितीतली मिळतात.

“आपोआप मंद व्हायचा? कसा काय?” भाऊ पुढे सरकला.

“सोपं आहे,” बायको म्हणाली. “खाली पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या वर जाऊ शकत नाही. पाणी वर गेलं की बूड जवळजवळ कोरडं, तापमान एकदम चढतं. तिथे थर्मोस्टॅट.”

“म्हणजे राइस कुकर!” भावाचा आवाज चढला. “पाणी आटलं की तापमान शंभराच्या पुढे, टक्‌ करून बंद. हे मी रोज दुरुस्त करतो.”

तोशिबाचा पहिला विजेवरचा भाताचा कुकर १९५५चा. त्यात बाहेरच्या भांड्यातलं पाणी आटलं की दोन धातूंची पत्ती वाकून वीज तोडायची. कॉफीचं यंत्र त्याच्या आधीचं, पण युक्ती तीच. तेवढ्यात भावाला जी आपुलकी वाटली ती पाहून मला वाटलं, आता सुटलं.

“मग हे आणा!” तो म्हणाला. “तांब्याचं. फुटणार नाही. थर्मोस्टॅट गेला तर मी बसवीन. व्होल्टेज एकशे वीस, ट्रान्सफॉर्मर लागेल, पण दर वेळी जीव मुठीत धरायला नको. बोला!”

“ते नको.”

“का?”

“दिसत नाही.”

“काय दिसत नाही?”

“आत काय चाललंय ते. तांब्याच्या भांड्यात पाणी वर गेलं काय, खाली आलं काय.”

भाऊ बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग हळू म्हणाला, “वहिनी, म्हणजे तुम्हाला कॉफी नकोच आहे.”

आता हे शब्द टोचायला हवे होते. पण तिनं मान हलवली आणि हसली. “नाहीतरी मी कॉफी दिवसाला एकच पिते.”

आणि मग तिनं अमोनियाच्या कारंज्याची गोष्ट सांगितली. अकरावीच्या मुलांना दाखवायचा प्रयोग. गोल फ्लास्कमध्ये अमोनिया वायू भरायचा, तो उलटा टांगायचा, नळीचं खालचं टोक पाण्यात. पाण्यात फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब. ड्रॉपरनं फ्लास्कमध्ये चार थेंब पाणी सोडलं की अमोनिया त्यात भसकन विरघळतो, आतला दाब पडतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर फेकते. वर पोचलेलं पाणी गुलाबी होतं. रंगहीन पाण्याचं गुलाबी कारंजं. “दर वर्षी चार तुकड्या. म्हणजे चार वेळा. दर वेळी शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा उठून उभी राहायची. आणि दर वेळी मी त्यांच्याकडे बघत असायचे, कुणी पुढे येतंय का, कुणी नळीला हात लावतंय का, बूच घट्ट आहे का, खिडकी उघडी आहे का. कारंजं मी कधी निवांत बघितलंच नाही.”

“मग हातानं करायचा सायफन आणा की,” भाऊ अजून वाटाघाटीत होता, पण आता सूर बदलला होता. “नुसती काच आणि खाली स्पिरिटचा दिवा. व्होल्टेजची भानगड नाही. आजोबांसारखं ढवळा.”

“तेच तर नको. पुन्हा ज्योत सांभाळा, वात सारखी करा, स्पिरिट सांडलं तर पुसा, वेळ बघा. पस्तीस वर्षं मी बर्नरपाशी उभी राहिले, भाऊजी. आता मला बटण दाबून खुर्चीत बसायचंय आणि ते वर जाताना आणि खाली येताना बघायचंय. दिवसातनं एकदा. चार-पाच मिनिटं.”

लोक म्हणतील, विजेचं बटण आलं की त्या कॉफीघराची मजा गेली, हाताची कला गेली. असं म्हणणाऱ्यांनी आयुष्यात ज्योत राखण्याची नोकरी केलेली नसते. आजोबांची कला आजोबांपाशी राहू दे. पण काटकसरीच्या आणि दुरुस्तीच्या हिशेबात भावाचा प्रत्येक आकडा बरोबर होता, हेही मी लिहून ठेवतो. चवीचा मुद्दा बायकोनं आधीच सोडायला हवा होता. चवीच्या नावाखाली वस्तू मागितली की समोरचा चवीचाच हिशेब मांडणार. बघायला हवी असं म्हटलं असतं तर पहिली संध्याकाळ वाचली असती.

अर्थात भावाला हे समजणं इतकं अवघड नव्हतं. त्याच्या दुकानात काउंटरवर एक फिशटँक आहे. जळक्या वार्निशच्या वासात तो अकरा वर्षं त्यातले मासे बघतोय. ही गोष्ट मी काढणार होतो, पण त्याला स्वतःलाच आठवली असावी, कारण तो एकदम म्हणाला, “मधेच लाइट गेली तर?”

“कधी?”

“पाणी वर गेलंय, पूड भिजतेय आणि लाइट गेली. आपल्याकडे जातेच.”

बायकोनं विचार केला. मग तिला हसू आलं. “गेली तर हीटर थंड. हीटर थंड तर वाफेचं पाणी. कॉफी आपोआप खाली येईल. जरा कच्ची, एवढंच.”

“म्हणजे लाइट गेल्यावर यंत्राचं काम पुरं होतं?”

“उलट लाइट गेल्याशिवाय पुरं होतच नाही. बटण बंद करणं म्हणजे तेच की.”

हे त्याला कुठेतरी लागलं. लोडशेडिंगमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला, वीज जाण्यावर उभं असलेलं यंत्र पहिल्यांदाच भेटत होतं. तो काही बोलला नाही. पेपरचा तोच कोपरा ओढून, तिच्या दोन फुग्यांच्या शेजारी त्यानं २३० लिहिलं, खाली १००, आणि मधे एक रेघ मारली. पुढे वेढ्यांचे आकडे असावेत. मला ते कळत नाहीत.

साडेपाचला मुलाचा फोटो आला. दुकानात जाऊन त्यानं यंत्र उलटं करून तळाचा फोटो काढला होता. चांदीच्या रंगाची पट्टी, त्यावर जपानी अक्षरं आणि १००चा आकडा. खाली त्यानं विचारलं होतं: बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणतो; खालचं भांडं सुटं मिळतं, एक जास्तीचं घेऊ का?

बायकोनं फोन भावाच्या हातात दिला. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, फोटो मोठा केला, पुन्हा लहान केला. व्होल्टेजच्या आकड्याकडे त्यानं बघितलंही नाही.

“त्याला विचारा,” तो म्हणाला, “ही मानेपाशी काळी दिसतेय ती रिंग रबराची की सिलिकॉनची. आणि आतला व्यास किती. पट्टी लावून फोटो पाठव म्हणावं.”

ती टाइप करायला लागली. पाच केव्हाच वाजून गेले होते आणि दोघांपैकी कुणीही उठण्याच्या बेतात नव्हतं. मी आत जाऊन दूध तापत ठेवलं आणि जायफळ शोधायला लागलो.